भाकरी चावता येते का?

मधुमेहाच्या कुठल्याही जुन्या रुग्णाची फाइल उघडून पाहावी. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी, कधीमधी काढलेला डोळ्याच्या पडद्याचा फोटो. डॉक्टर चोख असतील तर तळपायाची संवेदना तपासल्याचीही नोंद असते. दहा-दहा वर्षांचे कागद तारीखवार लावलेले असतात. पण त्या गठ्ठ्यात तोंडाबद्दल एक ओळ सापडणं मुश्कील. त्याच माणसाच्या खालच्या जबड्यातले पुढचे दोन दात हलत असतात, सकाळी ब्रशला रक्त लागत असतं, आणि हे त्याने डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. कारण ते ‘साखरेचे डॉक्टर’ आहेत, त्यांना दाताचं काय सांगायचं?

हिरड्यांचा हा आजार मधुमेहाचीच गुंतागुंत मानावी, हे म्हणणं नवं नाही. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा अशा पाच गुंतागुंती वैद्यकाने आधीपासून मान्य केल्या होत्या. हेराल्ड ल्यो या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञाने 1993 साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात लेख लिहून पायरियाला सहावी गुंतागुंत म्हटलं. हा माणूस उगाच बोलणाऱ्यांतला नव्हता. 1965 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धडधाकट तरुणांना काही दिवस दात घासायचे बंद करायला लावले होते. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. हिरड्या सुजतात त्या दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, हे इतक्या साध्या रीतीने तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

ल्योचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या तोंडांची पाहणी त्याच्या गटाने 1970 ते 1985 अशी पंधरा वर्षं केली. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता की दंतवैद्य. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या लाल. तरीही सगळ्यांचे दात सारखे पडले नाहीत. सुमारे आठ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा संथपणे, आणि 11 टक्के लोकांच्या हिरड्या सुजल्या तरी आजार त्यापुढे सरकलाच नाही. म्हणजे घाण हे कारण खरं, पण पुरेसं नाही. त्या घाणीला शरीर कसं तोंड देतं, यावर पुढचं ठरतं. आणि मधुमेह बिघडवतो ते नेमकं हे तोंड देणंच.

हे कसं घडतं ते जरा जवळून पाहू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. दंतवैद्य तिच्यात बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हलक्या हाताने सोडतात आणि दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. शेजारी उभी असलेली सहायक आकडे लिहून घेते: तीन, दोन, तीन, चार, सहा, पाच. तीनपर्यंत ठीक. चारपासून पुढे ती खाच राहत नाही, तिचा खड्डा झालेला असतो. ब्रश तिथे पोहोचत नाही, चूळ पोहोचत नाही. सळई बाहेर काढल्यावर काही सेकंदांत तिथे रक्ताचा ठिपका उमटतो. खुर्चीतल्या माणसाला यातलं फारसं काही दुखत नाही, आणि हीच या आजाराची लबाडी आहे. दात किडला तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीखालचं हाड मात्र वर्षानुवर्षं मुकाट झिजत राहतं. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल तर रक्तही कमी येतं, त्यामुळे तीही खूण जाते.

ते हाड जंतू खात नाहीत. जंतूंना हुसकावण्यासाठी शरीर जी आग पेटवतं, तिच्यात ते जातं. मधुमेहात ही आग वेळेवर विझत नाही. पांढऱ्या पेशींचं काम ढिसाळ होतं, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटत राहते. एचबीएवनसी म्हणजे तरी काय? हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. तीच साखर हिरडीतल्या कोलॅजनलाही चिकटते. अशा साखर-चिकट प्रथिनांपासून पुढे जे पदार्थ तयार होतात, ते पेशींना चिथावून दाह आणखी वाढवतात. ज्या रसायनाचा आकडा आपण दर तीन महिन्यांनी पैसे मोजून मागवतो, त्याचंच काम हिरडीत चालू असतं. मधुमेहींमध्ये हा आजार इतरांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो तो यामुळे. आणि साखर जितकी बेताल, तितका धोका जास्त. साखर ताब्यात असलेल्या मधुमेहीचा धोका निरोगी माणसापेक्षा फार वेगळा नसतो, हेही इथेच सांगायला हवं.

उलट दिशेचा प्रवास अधिक वादाचा आहे. तोंडभर खड्डे असतील तर त्यांच्या आतल्या सुजलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आठ ते वीस चौरस सेंटीमीटर भरतं असा एक अंदाज आहे. एवढी जखम पोटरीवर असती तर मधुमेही माणसाच्या घरच्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. या जखमेतून दाहाची रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या गिला नदीकाठच्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे, आणि 1965 पासून त्यांचा सातत्याने अभ्यास झाला आहे. तिथे असं दिसलं, की सुरुवातीला साखर बऱ्यापैकी ताब्यात असूनही ज्यांच्या हिरड्या फार बिघडलेल्या होत्या, त्यांची साखर पुढच्या काळात हाताबाहेर जाण्याचा धोका जास्त होता. तिथल्याच, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या मधुमेहींचे हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने होणारे मृत्यू इतर मधुमेहींच्या तिपटीहून अधिक निघाले. अर्थात दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. ज्याचं स्वतःकडे लक्ष नाही, त्याचं तोंडाकडेही नसतं आणि गोळ्यांकडेही.

मग हिरड्यांवर उपचार करून साखर खाली येते का, हे थेट करूनच पाहायला हवं. ते करून झालं आहे, आणि निकाल एका सुरात आलेले नाहीत. 2013 साली अमेरिकेतल्या 514 रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी एचबीएवनसीमध्ये काहीच फरक पडला नाही. चाचणी मध्येच थांबवली गेली. टीकाकारांनी दाखवून दिलं की उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर थर होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणजे मुळात उपचारच अर्धवट लागू पडला होता. 2018 साली लंडनमध्ये 264 रुग्णांवर कसून, वर्षभर पाठपुरावा करून उपचार झाले, तेव्हा साध्या सफाईच्या गटापेक्षा एचबीएवनसी सुमारे 0.6 ने कमी राहिलं. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात 35 चाचण्या आणि सव्वातीन हजारांच्या आसपास रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43 ची घट दिसली. नऊचा आकडा साडेआठच्या जवळ आला, इतकंच. ही घट खरी आहे आणि उपयोगाचीही आहे, पण तिच्या जोरावर कुणाच्या गोळ्या सुटणार नाहीत. ‘दात साफ करा, मधुमेह पळवा’ असल्या फलकांकडे म्हणूनच दुर्लक्ष करावं.

तोंड आणि शरीर यांचा संबंध गरजेपेक्षा जास्त ताणला की काय होतं, याचा अनुभव वैद्यकाने एकदा घेतलेला आहे. 1910 साली विल्यम हंटर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून तोंडातल्या पुवाला नाना आजारांचं मूळ ठरवलं. पुढची वीस-तीस वर्षं सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत काहीही झालं की दात उपटायची लाटच आली. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने वेड बरं करण्यासाठी आधी रुग्णांचे दात काढले, मग टॉन्सिल्स, मग आतड्याचे भाग. त्यात कित्येक दगावले. ती लाट ओसरली तेव्हा डॉक्टर मंडळी पार दुसऱ्या टोकाला गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं. हिरड्यांबद्दलचा आजचा थंडपणा काही अंशी तिथून आलेला आहे.

आपल्याकडे याच विषयावर एक वेगळं वाक्य हमखास ऐकू येतं: हे सगळं सुश्रुताने सांगून ठेवलंय. सांगून ठेवलंय हे खरं. प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह यातच मोडतो) पूर्वलक्षणांच्या यादीत श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, घसा, जीभ, दात यांवर मळ साचणं ही लक्षणं सुश्रुतसंहितेत आहेत, तळहात-तळपायांची आग आणि तहान यांच्या पंगतीत. म्हणून त्याला जंतू, दाह, इन्सुलिन हे ठाऊक होतं असं होत नाही. त्याला ठाऊक होतं ते असं, की रुग्ण समोर बसला की त्याचं तोंडही उघडून बघायचं असतं. आजच्या दहा मिनिटांच्या ओपीडीत जे हरवलं आहे ते एवढंच.

माझा मुद्दा मात्र वेगळ्या जागी आहे. हिरड्यांची काळजी का घ्यायची, याचं उत्तर सगळेजण एचबीएवनसीच्या आकड्यात शोधतात. दंतवैद्यांनाही वाटतं की साखर कमी होते हे सिद्ध केल्याशिवाय डॉक्टर आपल्याला दारात उभं करणार नाहीत. पण त्याहून ठसठशीत कारण रोजच्या ताटात वाढून ठेवलेलं आहे.

मधुमेहींना दिला जाणारा आहाराचा छापील कागद पाहा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, फळ खायचं तर रस न काढता चावून. सल्ला उत्तम आहे. पण त्यातली ओळन् ओळ दाढा आहेत असं गृहीत धरून लिहिलेली आहे. माझ्या नात्यातल्या एका आजींचं ताट मी पाहत आलो आहे. डावीकडच्या दाढा गेलेल्या, उजवीकडच्या हलणाऱ्या. सकाळी चहात बुडवून पाव किंवा बिस्किटं. दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी. भाकरी केलीच तर कडा काढून, दुधात कुस्करून, वर चिमूटभर साखर, कारण तशी ती घशाखाली उतरत नाही. कोशिंबिरीची वाटी तशीच परत. संध्याकाळी साबुदाण्याची खीर किंवा केळं. यांतले बहुतेक पदार्थ साखर झपाट्याने वर नेणारे. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, आजी, पथ्य पाळत नाही तुम्ही. आजी मान खाली घालतात. पथ्य पाळण्याचं हत्यारच त्यांच्यापाशी उरलेलं नाही, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात येत नाही, आजींच्याही नाही.

साखरेने हिरडी जाते, हिरडीने दाढ जाते, दाढेने भाकरी जाते आणि भाकरीच्या जागी आलेल्या पावाने साखर वाढते. या फेऱ्यात टीएनएफ-अल्फा किंवा इंटरल्युकिन या दाहाच्या रसायनांचं नावही घ्यावं लागत नाही. उद्या एखाद्या मोठ्या चाचणीने ते 0.43 खोडून काढलं, तरी हा फेरा राहतोच. कवळीने दातांची उणीव पूर्णपणे भरून निघत नाही. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या तुलनेत फारच कमी पडतो, त्यातून मधुमेहात लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडलं असेल तर कवळी घासून जखमा होतात, आणि ती शेवटी कपाटातल्या डबीत जाऊन बसते. इम्प्लांटचा खर्च ऐकून तर बहुतेक लोक उठून उभे राहतात.

‘म्हातारपणी दात पडायचेच’ या समजुतीने आपलं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं मिठाईनेही केलं नसेल. त्याच्या जोडीला दुसरी समजूत: दात साफ करून घेतले की सैल होतात. ही कशातून आली ते समजण्यासारखं आहे. हाड झिजलेल्या दातांना कीटणाच्या थरानेच एकमेकांना बांधून ठेवलेलं असतं. तो काढला, सूज उतरली, हिरडी आकसली, की फटी दिसतात आणि दात हलल्यासारखा वाटतो. तो आधीच हलत होता. दोष मात्र साफ करणाऱ्याच्या माथी येतो, आणि गल्लीतल्या चार जणी त्या दवाखान्याची पायरी चढायच्या थांबतात.

महाराष्ट्रापुरती आणखी एक भानगड आहे: मशेरी. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. ग्रामीण भागात आणि मुंबईच्या वस्त्यांतही कितीतरी बायकांची सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नाही. काहींना ती दिवसातून तीन-चार वेळा लागते. त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हेच, दात घासणं आहे. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्ट यांवर केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालणार? मधुमेहाच्या दवाखान्यात ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर या बाई खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. प्रश्न ‘मशेरी लावता का’ असा विचारावा लागतो.

दोन डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलण्याची किंमत बारीकसारीक जागी मोजावी लागते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. हे दंतवैद्याच्या लक्षात येतं, पण गोळी बदलणं फिजिशियनच्या हातात. दात काढायचा म्हणून कुणी सकाळी उपाशी येतो, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घेऊन येतो आणि खुर्चीतच घामाघूम होतो. एक फोन किंवा चार ओळींची चिठ्ठी पुरली असती. पण ही दोन घराणी फार पूर्वीच वेगळी झालेली. 1840 साली बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं; आपल्याकडे 1920 साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात पहिलं काढलं, आणि 1948 च्या कायद्याने परिषदही वेगळी झाली. त्यातून दंतवैद्यकाची भरभराट झाली हे मान्यच. पण विम्यातही तीच भिंत उभी राहिली. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचा साधा उपचार बसत नाही. पायाची जखम चिघळून बोट कापावं लागलं तर कंपनी पैसे देते, हिरडीची जखम मात्र तुमची तुम्ही बघा.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि राज्यांमध्ये गोवा 26.4 टक्क्यांसह सगळ्यांत वर आहे. एवढ्या लोकांना दर सहा महिन्यांनी दंतवैद्याच्या खुर्चीत बसवणं शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. आपले बहुतेक दंतवैद्य शहरांत आहेत. पण सुरुवात खुर्चीपासून करायचं कारण नाही. सरकारी तपासणीत तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब बघतात, आणि त्याच टेबलावर तोंडाच्या कर्करोगासाठी तोंडही उघडायला लावतात. म्हणजे बोट टोचलेलं आहे, बॅटरी हातात आहे, तोंड उघडं आहे. तपासणाऱ्या ताईंची नजर पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम शोधत असते. त्यांनी हिरडीवर अर्धा मिनिट थांबावं आणि दोन प्रश्न विचारावेत: घासताना रक्त येतं का, आणि भाकरी चावता येते का. दुसरा प्रश्न साखरेच्या प्रत्येक डॉक्टरने आहाराचा कागद हातात ठेवण्याआधी विचारायला हरकत नाही. त्याला वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

उलट बाजूनेही थोडं सरकायला हवं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2011 साली झालेल्या अभ्यासात पडलेले दात आणि खोल खड्डे एवढ्यावरून, मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असूनही पत्ता नसलेल्या लोकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ओळखता आले. आपल्याकडे तर आयुष्यात कधी साखर न तपासलेला चाळिशीचा माणूस दात हलतो म्हणून दंतवैद्याकडे येतो, हे रोजचं आहे. ग्लुकोमीटर आता मोबाइलच्या कव्हरइतका स्वस्त झालाय. दंतवैद्याच्या ट्रेमध्ये तो असायला हवा, आणि आकडा वाढलेला निघाला तर चिठ्ठी लिहायला हवी.

नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय मेडिकल कॉलेजच्या आवारातच आहे. मुंबईत नायरचं मेडिकल आणि डेंटल कॉलेज शेजारीशेजारी आहेत. मधुमेहाच्या ओपीडीत केसपेपरवर ‘हिरड्या तपासा’ असा शिक्का मारून रुग्णाला पलीकडच्या इमारतीत पाठवायला नवा निधी लागत नाही की नवी योजना लागत नाही. तिथे विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेच असतात, आणि इथे नंबर लागेपर्यंत तास-दीड तास बाकावर बसायचंच असतं.